नाकावरचा अंगठा

प्रिय नाना,

तुला दिलेला शब्द मी आज मोडला. म्हणून हे पत्र.

"चित्रांचा गठ्ठा फोडू नकोस," तू दवाखान्यात बजावलं होतंस. "सिनेमातले नट आणि जत्रेतले सोंगाडे मी एका पंगतीत बसवलेत. कुणाला उठवू नकोस." तू गेल्यापासून चार वर्षं मी कुणाला उठवलं नाही.

गेल्या महिन्यात देवपूरच्या वाचनालयात तुझ्या अर्कचित्रांचं प्रदर्शन मांडलं. तिथला एक फोटो मोबाईलवरून फिरत शिरपूरला पोचला आणि आज सकाळी सुमनबाई दारात! तू काढलेल्या दगडू सोंगाड्याची मुलगी. बापाचा एकही फोटो घरात नाही, हे चित्र द्या म्हणाली.

मी साफ नाही म्हटलं. कोपऱ्यावरून झेरॉक्स आणून हातात ठेवली. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

तिनं मूळ चित्रातल्या त्या वांग्याएवढ्या नाकावर अंगठा ठेवला. "देखा अक्का, नाक झाकं का हाऊ घरना बाबा." अंगठा उचलला. "आते तमासाना!" नाक झाकलं की घरचा बाप, उघडलं की तमाशातला. खुदकन हसली. मग झेरॉक्सवर अंगठा ठेवला. "आठे बाबा नही."

झेरॉक्सवर खरंच तिचा बाबा नव्हता. डोळ्यांखालच्या तुझ्या बारीक रेघा यंत्रानं उचलल्याच नव्हत्या.

नाना, मला तरी त्या कुठे दिसल्या होत्या? "माणसांची थोबाडं वाकडी करतोस," म्हणून जन्मभर तुला टोचलं. ती मूळ चित्र घेऊन गेल्यावर मी उरलेला गठ्ठा सोडला. त्या गाजलेल्या नटाची हनुवटी झाकली, तर दमून घरी निघालेला माणूस! ऑर्केस्ट्रातल्या गायिकेचा डोंगराएवढा अंबाडा झाकला, तर हसू दाबणारी शाळकरी पोर! एकेका कागदावर दोन दोन माणसं. कसं जमलं रे तुला हे? आणि मला एकदाही का बोलला नाहीस? बोलला असतास तरी मी ऐकलं नसतं, तेही खरं.

आता ऐक. उरलेल्या सोंगाड्यांची, बहुरूप्यांची घरं मी शोधणार. ज्या घरी फोटो नाही, तिथं मूळ चित्र जाईल. पंगतीत त्याच्या जागी झेरॉक्स बसेल. रागावायचं तर खुशाल रागव.

तुझी बहीण,
कुसुम

आज दिलं: दगडू सोंगाड्या, काळी शाई, मूळ चित्र, एक.
सोबत काचेची फ्रेम, एक. माझ्या पदवीच्या फोटोची. मापात बसली.