मेंढरं बसलेलं रान

पुणे,
१४ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी मध्ये बसून निम्मं आपल्या मनाचं सांगते, म्हणून पत्रच लिहिते. शेंगा वसतिगृहात पोचल्या त्या संध्याकाळीच संपल्या. मामी गुडघ्याला तेल लावते का? तिच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही.

मातीत कर्ब किती साठतो, हा माझा अभ्यास. पालापाचोळा, शेण, मुळ्या कुजून मातीत जे उरतं, तो कर्ब. काळ्या चिकण मातीत तो अडकून राहतो; वाळूत हवा खेळते, म्हणून लवकर विरतो. मागल्या आठवड्यात निमोण्यात घोड नदीकाठच्या वाळूसर रानांतली माती काढली. सगळीकडे कर्ब कमीच निघाला. फक्त सर्जेराव आबा म्हणून एका शेतकऱ्याच्या विहिरीमागच्या पट्ट्यात हातभर खाली माती काळपट लागली. तपासली तर कर्ब शेजारच्या रानाच्या दुप्पट. वरचा थर मात्र दरसालच्या नांगरटीनं रिकामा झालाय.

आबांना विचारलं, इथं काय घालत होता? ते म्हणाले की या पट्ट्यात दर हिवाळ्याला कासुर्डीच्या धनगरांची मेंढरं रात्रीची बसायची, त्यांच्या लेंड्या रानात जिरायच्या, पार त्यांच्या आजोबांच्या काळापासून. मी सांगितलं, ते माझंच आजोळ. मग त्यांनी तुमचं नाव घेतलं. पाणी आलं, दोन-दोन पिकं निघू लागली, मेंढरांना मोकळं रान उरेना, म्हणून पुढल्या साली या असं सांगत राहिलो, हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. आता कितीही खत टाकलं तरी रान पाणी धरत नाही म्हणे. तो पट्टा यंदा मोकळा ठेवलाय, ज्योतिबाला मेंढरं घेऊन यायला सांग, असा त्यांचा निरोप आहे.

खाली उरलंय तेही हळूहळू जाणार, मामा. तुम्ही याल ना?

मोठ्यांना नमस्कार. भाचीवरची माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
स्वप्नाली


कासुर्डी,
२२ डिसेंबर २०२४

चि. स्वप्नालीस,
ज्योतिबा मामाचे अनेक आशीर्वाद. आम्ही हिकडं खुशाल. मामी तेल लावत न्हाई, तुझं बरोबर हाय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पोरी, मेंढरं इकली. दिवाळी सरल्यावर एक व्यापारी टेम्पो घिऊन आला आन् समदी घिऊन गेला. तुझी परीक्षा व्हती, म्हनून कळवलं न्हाई. माझ्या पोराला, स्वराजला बोल लावू नको. रांजणगावला कंपनीत पाळी करून बी तो सुट्टीला मेंढरामागं चालायचा. पर चारायचं कुठं? जिथं पडीक व्हतं तिथं ऊस, न्हाईतर कुंपण. उन्हाळ्यात औषध फवारलेला पाला खाऊन किती तरी मेली. उरलेली मरताना बघवली नसती.

सर्जेराव पुढल्या साली ये म्हनला, मी गेलो. तवा बी तेच म्हनला. मग मी त्या वाटंनं जायचं सोडलं. भांडाण काहीच न्हवतं. रानात आम्ही काय जमीन काळी कराया बसत न्हवतो. विहिरीचं पानी गोड, त्याची आई सरूबाई आमच्या पोरांस्नी ताक द्यायची, म्हनून बसायचो. त्याला लेंडीखत दिसायचं, आमाला ताक. खाली काय साठतंय ते दोघांस्नी बी ठावं न्हवतं.

ह्यो निरोप पाच वर्सं आधी आला असता तर मी अनवाणी गेलो असतो.

अभ्यास कर. मामाची आठवण ठेव.
ज्योतिबा


पुणे,
९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप मामांस, सा. न.

तुमचं पत्र आल्यापासून एकच डोक्यात आहे. निमोण्याची माती मी दसऱ्यालाच काढणार होते. पाऊस लांबला आणि आमची फेरी पुढे गेली. तेव्हा गेले असते तर मेंढरं अजून तुमच्या दारात होती.

मेंढरं विकल्याचं आबांना सांगायला मी स्वतः गेले. मग एवढंच म्हणाले, “त्यानं वाट बघितली, आन् मी ऊस बघितला.” जेवायला थांब म्हणाले, पण स्वतः ताटावर बसले नाहीत.

त्यांनी मच्छिंद्र नावाच्या एका मेंढपाळाला बोलावलंय. कळप लहान आहे, थोडे दिवस बसेल. एका हिवाळ्यानं मातीत काही दिसणार नाही, तिथं पिढ्या लागल्या होत्या, हे मी स्पष्ट सांगितलं. नांगरट कमी करा, उसाचं पाचट जाळू नका, हेही सांगितलं. ते हो म्हणाले, पण त्यांना माझ्यापेक्षा तुम्ही तिथं हवे आहात. मेंढरं कुठून कुठवर बसवायची ते ज्योतिबानं येऊन दाखवावं, असं म्हणतात. जा मामा. माझ्यासाठी जा.

मामीला नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नका.
स्वप्नाली


कासुर्डी,
२७ जानेवारी २०२५

चि. स्वप्नालीस, आशीर्वाद.

तुझ्या शब्दाखातर जाऊन आलो. चौफुल्याहून न्हावऱ्याची गाडी धरली, पुढं जीपनं. सर्जेराव फाट्यावर उभा व्हता. लई वाळलाय. मला बघून त्यानं माझी पिशवी हातात घेतली.

पट्टा मी वळखला. मच्छिंद्र गुणाचा गडी हाय. त्याच्यासंगं वाघर लावली, मेंढरं कोंडायचं जाळं गं. कुठवर बसवायची ते दावलं. दिस कलताना कळप आला. बघून बरं वाटलं. तेवढ्यात चार-दोन मेंढरं शेजारच्या कांद्यात शिरली. माझ्या तोंडून आपसूक हाळी गेली, बाप घालायचा तशीच. एका बी मेंढरानं मान वर केली न्हाई. मच्छिंद्रनं नुसती शीळ घातली, तर समदी वळली.

सर्जेरावानं ते बघितलं. तो म्हनाला, “ज्योतिबा, पुढल्या साली…” आन् तिथंच थांबला. मी त्याच्या खांद्यावर हात ठिवला. दुसरं काय करनार?

थंडी हाय, कानाला बांधत जा. माया असू दे.
तुझा मामा,
ज्योतिबा