पाटलांच्या घरातलं सुतक

२४ जानेवारी

ग्रामपंचायतीच्या नव्या हॉलमध्ये सत्यनारायण झाला. पूजेला सरपंच म्हणून मी आणि हे. पंचायतीचं दप्तर सांभाळणारे भाऊसाहेब सकाळीच कानाशी कुजबुजले, "मॅडम, सरकारी हॉलमध्ये पूजा नियमात बसत नाही." म्हटलं, तालुक्यात कुठल्या पंचायतीत होत नाही ते सांगा. शिऱ्यातली केळी त्यांनीच आणली होती.

दर्ग्याचं सगळं बघणारे मुजावर चाचा आले, तीर्थ घेतलं, शिरा खाल्ला, बायकोसाठी, जैनबभाभीसाठी द्रोणातून बांधूनही नेला. जाताना म्हणाले, "वैनी, उरसाचं ध्यानात हाय न्हवं?"

विसरेन का? या घरात आल्यापासून दर्ग्याच्या गलेफाची, पीराच्या कबरीवर घालायच्या चादरीची, किनार मी शिवते. पाटलांचा गलेफ पीरावर चढल्याशिवाय आमच्या गावात उरूस लागत नाही, दुसऱ्या कुणाचा गलेफ चाचा हातातसुद्धा घेत नाहीत. यंदा किनार जरा रुंद लावायची.

२६ जानेवारी

झेंडावंदन. संविधानाची प्रास्ताविका मी वाचली, पोरं मागून म्हणाली. 'धर्मनिरपेक्ष'ला पहिलीची पोरं अडखळली, सगळे हसले. मीही. माईकवर तुझा आवाज चांगला लागतो, असं हे म्हणाले. आवडलं मला.

मग पक्षाचे तालुक्याचे साहेब आले. जिलेबी, फेटा, फोटो. ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "वैनीसाहेब, झेडपीला आपल्या गटातनं तुमचंच नाव वर हाय. शिकलेली बाई, पाटलांची सून. आणि काय पायजे?" मग बशी बाजूला सारून, अगदी सहज: "फक्त यंदा ते गलेफाचं जरा... तुमच्या मनात काय असंल ते असू द्या. मीबी ल्हानपणी त्या दर्ग्यात मलिदा खाल्लाय की. पण दिवस तसले न्हाईत. डोक्यावर गलेफ घेतलेला तुमचा फोटो एकदा फिरला, की माझे हात बांधले."

हे जमिनीकडे बघत बसलेले.

मी "बघते" म्हणाले. नाही म्हणायला जीभ होती की माझ्या तोंडात.

२७ जानेवारी

तिकीट मला हवंय. निदान इथं तरी खरं लिहावं. ह्यांनी ढकललं म्हणून नाही, साहेबांनी चढवलं म्हणून नाही. मला हवंय. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं म्हणून माझ्याकडे आलं. सही माझी आणि बोलणं ह्यांचं, हे शेंबडं पोरही सांगेल. झेडपीत गेले तर कोल्हापूरला मीटिंगला मी एकटी जाणार. पुढ्यात माझ्या नावाची पाटी. तिथं ह्यांना बाहेर चहा पीत बसावं लागेल.

एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी.

२९ जानेवारी

वडगावला गेले. कापडाच्या दुकानातले शेटजी मला बघूनच उठले. "वैनी, हिरवं सॅटिन काढून ठिवलंय. आणि किनार बघा, मुद्दाम मागवली."

"यंदा नको."

"का ओ?"

"पदावर आहे ना. सरकारी माणसाला असलं चालत नाही."

तोंडातून आपोआप आलं. आधी ठरवलं नव्हतं. शेटजींनी सॅटिनची घडी परत कपाटात ठेवली आणि विचारलं, "मग देवळाच्या मंडपाच्या पायाभरणीला साडी बघायची का?" म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे. महादेवापुढच्या सभामंडपाला साहेबांनी निधी आणलाय, नऊ तारखेला नारळ फोडायचा आहे, तोही माझ्याच हातानं. तिथं पद आड येत नाही.

साडी घेतली. चिंतामणी रंगाची. बसमध्ये पिशवी सीटखाली सरकवून ठेवली, कुणी बघू नये म्हणून.

३१ जानेवारी

चाचा घरी आले. मीच बोलले, कारण हे मागच्या दारानं शेताकडे गेले होते. मोठ्या शहाण्यासारखं सांगितलं, शासनाला धर्म नसतो, मी आता गावाची आहे, कुठल्याच धार्मिक गोष्टीत भाग घेणं बरोबर दिसत नाही. वाक्यं चांगली जुळली. सव्वीस जानेवारीची प्रास्ताविका ताजी होती ना.

सत्यनारायणाचं ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

"व्हय की. बरोबर हाय," म्हणाले. टोपी काढून परत घातली. "मग आत्याबाईंच्या हातनं पाठवा. त्यांस्नी कुठं पद हाय?"

"विचारते" म्हणाले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतच भाजी निवडत होत्या. सगळं ऐकू जात होतं. चोरी करून आलेल्या पोरीसारखी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या निवडत राहिल्या.

२ फेब्रुवारी

आत्याबाई: "मी जाते. मला काय हुतंय? रिक्षा बोलवा."

हे: "आई, घर एकच हाय की. तू गेलीस काय आणि ही गेली काय, पाटलांचाच गलेफ म्हणणार."

आत्याबाई: "मग पाटलांचाच न्हवं त्यो?"

मी ह्यांच्या बाजूनं बोलले नाही, त्यांच्याही बाजूनं नाही. हल्ली मला हे फार छान जमतं.

५ फेब्रुवारी

उरूस. गेलो नाही.

दिवेलागणीला दर्ग्याकडचा बँड सुरू झाला, मग मधेच थांबला. आम्ही तिघं टीव्ही लावून बसलो होतो. ह्यांनी आवाज वाढवला. थोड्या वेळानं बँड परत वाजायला लागला. म्हणजे निभलं बहुतेक, असं हे म्हणाले. मलाही तसंच वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःची किळस आली.

६ फेब्रुवारी

सकाळी भांडी घासत होते. दारात बायका. डोक्यावर पदर, आवाज खाली. "वैनी, कोण गेलं वं?"

मला कळेना. गल्लीतली शेवंताकाकू म्हणाली, "काल चाचांनी सांगिटलं की दर्ग्यात. पाटलांच्यात सुतक पडलंय, भावकीतलं मानूस गेलं, म्हणून गलेफ आला न्हाई. साधी चादर घालून उरूस लावला."

आत्याबाई उंबऱ्यात. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आणि मी म्हणाले, "गारगोटीकडचे चुलते. लांबचे. म्हातारे होते."

जिवंत माणसाला मारताना लोक निदान घाबरत तरी असतील. मी नसलेल्या माणसाला मारलं आणि त्याचं वयही सांगितलं.

दुपारी दोघी-तिघींकडून भाकरी-आमटी आली. मयताच्या घरात चूल पेटवू देत नाहीत आमच्यात. आमटी झणझणीत होती. जेवले. आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं, म्हणाल्या, "मला न्हाई जायची. कोण मेलंय ते तरी नीट ठरवा."

संध्याकाळी मुजावरांकडे गेले. भाभीनं दार उघडलं, आत बोलावलं, खुर्ची पुसून दिली. नेहमी मी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसते. आज खुर्ची.

चाचांना विचारलं, असं का सांगितलंत?

"मग काय सांगू वैनी? पाटलांनी आमचा पीर सोडला म्हणून? सगळं गाव जमलतं. बाहेरगावची पोरं पण हुती, मोबाईल घेऊन." दर्ग्याच्या भिंतीकडे हात केला. "तुमचा गलेफ हाय, म्हणून आमच्या भिंतीला कोण हात लावत न्हाई. त्यो न्हाई म्हटल्यावर उद्या कायबी हुईल. म्हणून म्हटलं, सुतक. सुतकाला कोण काय बोलत न्हाई."

इतकी वर्षं मी त्यांच्यावर मेहेरबानी करते असं मला वाटायचं. किनार शिवायची, गलेफ डोक्यावर घ्यायचा, फोटोत हसायचं. गलेफ त्यांचं कुंपण होतं, आणि मी ते एका पाटीसाठी उपटलं.

भाभीनं चहा आणला. कपात, बशीसकट. पाहुण्याला देतात तसा.

७ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. हसत होते आधी. "वैनीसाहेब, कोण वारलं म्हणं? आमाला कळवायचं तरी." मी खरं सांगितलं. हसणं थांबलं. "अवो, सुतक असलं तर नऊ तारखेला नारळ कसा फोडणार तुम्ही? कोनशिलेवर तुमचं नाव घातलंय. पत्रिका वाटल्या." हे माझ्यासमोर उभे, दोन्ही हात कमरेवर.

खरी गंमत आहे. दर्गा टाळायला पद सांगितलं, आणि आता देवळाच्या आड सुतक आलं. दोन्हीतलं एकही खरं नाही.

साहेब म्हणाले, "लांबचं सुतक हुतं, फिटलं म्हणून सांगा. कोण पुरावा मागतंय?"

हे म्हणाले, "हां, तसंच सांग."

८ फेब्रुवारी

गुरव घरी आला. देवळातलं सगळं तोच बघतो. चहा घेतला नाही, सुतकाच्या घरातला नको म्हणाला. ओट्यावर उभ्यानंच बोलला. "वैनी, मला कुणाच्या राजकारणात पडायचं न्हाई. पण देवाला शिवाशिव चालायची न्हाई. उद्या मांडवात सगळ्यांच्या म्होरं मी विचारणार, सुतक हाय का फिटलं. तुम्ही तोंडानं सांगायचं. मग नारळ हातात देतो. न्हाईतर दुसऱ्या कुणाच्या हातनं फोडू."

मी बरं म्हणाले.

तो गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "सुतक फिटलं म्हणालीस, तर गलेफ द्यायला लागंल. तुझं सासरं असताना एकदा असंच झालतं. खरं सुतक हुतं तवा. फिटल्या दिवशी ते स्वतः घेऊन गेलते डोक्यावर." मग: "आणि सुतक न्हवतंच म्हणालीस, तर चाचा खोटा पडतोय. बघ बाई. तू शिकलेली हाईस."

'शिकलेली' त्यांनी चिडून म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

सुतक हाय म्हणाले तर नारळ दुसऱ्याच्या हातात आणि तिकीट गेलं. बाकी सगळं सोपं आहे. एवढं साधं आहे आणि मी दुपारपासून त्याच्याभोवती फिरतेय.

९ फेब्रुवारी

सकाळी चिंतामणी साडी नेसले. आरशात बरी दिसले. हेही लिहून ठेवते.

मांडव भरला होता. साहेब, त्यांच्या मागं त्यांची पोरं, घोषणा, ड्रोन. एका बाजूला गावातली जुनी माणसं, त्यांच्यात चाचा. चप्पल बाहेर काढून, हात जोडून. गावच्या प्रत्येक कामाला येतात तसे आले होते. मंडपाच्या वर्गणीतही त्यांचं नाव आहे.

गुरवानं खरंच विचारलं. माईकजवळच उभा होता, त्यामुळं सगळीकडे गेलं. "पाटलीणबाई, सुतक हाय का फिटलं?"

मी साहेबांकडे बघितलं नाही. ह्यांच्याकडेही नाही. चाचांकडे बघायचं ठरवलं होतं, तेही झालं नाही. नारळाकडे बघत म्हणाले, "फिटलं."

माईकवर माझा आवाज चांगला लागतो.

टाळ्या. नारळ एका फटक्यात फुटला, लोक म्हणाले शुभ आहे. साहेबांनी वाकून नमस्कार केला, हळूच म्हणाले, "आता तुम्ही बिनघोर." मान वर केली तेव्हा चाचा समोरच होते. हसले. चेहऱ्यावर इतकं सुटल्यासारखं की मला वाटलं, मी काहीतरी चांगलंच केलं असणार. घरी येईपर्यंत तसं वाटत राहिलं.

हे साहेबांबरोबर जेवायला गेलेत. तांबडा-पांढरा रस्सा, सगळा बेत आहे. मी डोकं दुखतं म्हणून आले. आत्याबाई बाहेरच्या खोलीत, इरकली नेसून. कुठं निघाल्यात विचारायचं धाडस झालं नाही.

आत्ताच चाचांचा आवाज आला व्हॉट्सअ‍ॅपवर. लिहायला येत नाही त्यांना, बोलून पाठवतात. मागं झाडू मारल्याचा आवाज, आणि भाभी कुणाला तरी पाणी आण म्हणून सांगतेय.

"वैनी, सुतक फिटलं म्हणून सगळ्या गावानं ऐकलं. लई बरं वाटलं बघा. मी सगळ्यांस्नी सांगून आलोय, आज पाटलांचा गलेफ येणार म्हणून. दिवा लावायच्या टायमाला या. वाट बघतो."

दोनदा ऐकला. त्यांच्या फोनवर दोन निळ्या खुणा गेल्या असणार. ऐकलं नाही असं आता म्हणता येणार नाही.