गुराबेच्या बाजूच्या तोफा

नाना, मी सध्या जहाजं निवडते. पोटासाठी. तुम्ही विचारलं असतं, कुठल्या बंदरावर? बंदर नाही. धुळ्यात, देवपुरातलं हेच घर, तुम्ही निवृत्तीनंतर घेतलेलं, मागच्या खोलीत टेबल आणि टेबलावर संगणक. त्यावर एक खेळ चालतो, आरमाराचा. ठिकठिकाणचे लोक आपापल्या घरी बसून त्यात शिडाची लढाऊ जहाजं चालवतात, एकमेकांवर तोफा डागतात, बुडतात आणि लगेच दुसरं जहाज घेऊन परत येतात. खेळाचा कंटाळा येऊ नये म्हणून त्यात अधूनमधून नवं जहाज घालावं लागतं. नवं म्हणजे जुनंच, कधीकाळी खरोखर समुद्रावर असलेलं. कोणतं घालायचं, त्याला डोलकाठ्या किती, तोफा कुठे, बुडाला पाणी किती लागायचं, हे शोधून सांगायचं काम माझं. मी सांगते, मग पुण्यातली मुलं ते जहाज पडद्यावर उभं करतात. समुद्र मी पाहिला आहे तो काठावरून. पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले होते, तेवढंच.

हे कसं झालं तेही सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. पुढे वर्गात मुलं कमी होत गेली आणि तासही. शिकवलेल्या एका मुलीनं पुण्याहून फोन केला, मॅडम, जुनी मराठी वाचून हवी आहे, गलबतांबद्दलची. मी वाचून दिली. मग इंग्रजीतलं दिलं. मग तेच काम झालं. आता सकाळी दूधवाला येतो, त्याच्याशी चार शब्द होतात. नंतर दिवसभर कानात माणसं बोलतात, पुण्याची, बंगळुरूची, त्यांतल्या निम्म्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. संध्याकाळी कानातलं यंत्र काढलं की घरात फ्रिजचा आवाज उरतो. आई तुमच्यामागून गेली. तिनं लावलेली कढीपत्त्याची कुंडी आहे.

तुमची आठवण कामात येते ती टेबलामुळे. वरणगावच्या कारखान्यात तुम्ही काडतुसं तपासायचात, इतकंच आम्हाला माहीत. आतलं बाहेर बोलायचं नाही हा नियम, आणि तुम्ही तो घरातही पाळायचात. एकदाच, लाइट गेलेली, आपण क्वार्टरच्या पायरीवर बसलेलो, तुम्ही म्हणालात की टेबलावर माल येतो, बोटाखाली फिरवायचा, उजेडात धरायचा, आणि इकडे नाहीतर तिकडे टाकायचा. मी विचारलं, थोडासाच पोचा असेल तर? तिकडे. पण उडेल ना ते? तुम्ही म्हणालात, उडेलही. तरी तिकडे. आमच्या टेबलावर चालेल हा शब्द नाही.

तो शब्द तुमच्या तोंडीच नव्हता. आई ताट वाढते आहे, तुम्ही पहिला घास घेता, ती तिच्या माहेरच्या बोलीत विचारते, "वरनमा मीठ कसं शे?" तुम्ही म्हणता, "कमी शे." ती म्हणते, "बठ्ठासले चालस, यासलेच चालत नही. मंग घाली ल्या ना वरतून, हात शेतस ना?" तुम्ही मीठ घेत नाही. विचारलं म्हणून सांगितलं, तक्रार नव्हती, असं तुमचं म्हणणं. सगळ्यांना चालतं ते तुम्हालाच चालत नाही, म्हणून ती पाठ फिरवून हसते. नरडाण्याच्या बाजूला माहेर तिचं, तिथे पाहुण्यानं जेवणाला नाव ठेवणं म्हणजे भांडणच. तुम्ही तिच्या माहेरीही आमटीला कमी म्हणाला होतात. तिथले लोक तुम्हाला पुढेही साहेब म्हणायचे, आणि तो मान नव्हता.

मग तो दिवस. जळगावची माणसं मला पाहायला आली होती. मुलगा बँकेत, शांत, चष्म्याच्या काड्या सारख्या नीट करणारा. त्यानं मला काय वाचता ते विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकलं. ती मंडळी गेल्यावर मामांनी पोह्याची बशी हातात ठेवूनच विचारलं, "काय गं, कसा वाटला?" मी म्हटलं, "चालेल." मामा खूश. आईनं देवाला साखर ठेवायला हात पुढे केला. तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "चालेल नको. हो म्हण, नाहीतर नाही म्हण." मामा म्हणाले, "अहो दाजी, पोरी असंच म्हणतात. ते काय काडतूस आहे का?" तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. रागानं नाही. उजेडात धरल्यासारखं. मला हो म्हणता आलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही चौकातल्या बूथवरून जळगावला फोन केलात आणि नाही कळवलंत. आई कितीतरी दिवस तुमच्याशी ताटापुरतं बोलली. नंतर आणखी काही आले. प्रत्येक वेळी मी स्वतःच आधी तपासायला लागले, आणि माझ्या हातून सगळे तिकडेच गेले. तुम्ही बरोबर होतात की नाही हे मी ठरवलेलं नाही. तुम्ही मला विचारलं होतंत, एवढं खरं. बाकीच्यांनी विचारलं नसतं.

आता गुराबेचं. गुराब हे आपल्या कोकणातलं लढाऊ जहाज. लांबट, पुढून निमुळतं आणि खाली झुकलेलं, पाण्यात फार न बुडणारं. मोठ्या तोफा नाकावर, सरळ पुढे तोंड केलेल्या. बाजूला लहान. परदेशी जहाजं उंच आणि जड, त्यांच्या तोफांच्या रांगा बाजूंना. त्यांच्या बाजूला जायचंच नाही, मागून गाठायचं, आणि ती उलटून अंगावर आली की उथळ पाण्यात निघून जायचं, जिथे ती येऊ शकत नाहीत. मी दोन वर्षं हे जहाज पुढे करते आहे. आपल्या खेळात आपल्या किनाऱ्याचं एकही जहाज नाही, हे मी दर बैठकीत म्हणते. या वेळी एक जागा होती. समोर होतं तीन मजली फ्रेंच जहाज, सोन्याचं नक्षीकाम असलेलं, लोकांनी मागितलेलं.

आमचा प्रमुख माझ्याहून पुष्कळ लहान आहे, मला ताई म्हणतो, मनानं चांगला. तो म्हणाला, "ताई, गुराब करून बघितली. दिसते झकास. पण पहिल्या पाच मिनिटांत बुडते."

"उथळ पाण्यात न्यायची ना."

"आपल्या नकाशात उथळ पाणीच नाही, ताई. सगळा खोल समुद्र आहे."

"मग उथळ पाणी करा."

"एका जहाजासाठी समुद्र बदलू?" सगळे हसले. मीही हसले. मग तो म्हणाला, "एक मार्ग आहे. बाजूच्या तोफा मोठ्या करू. नाकावर आहेत तेवढ्याच. मग टिकते. तुम्ही फक्त इतिहासाच्या बाजूनं हो म्हणा."

"तेवढं वजन तिला पेलणार नाही. उलटेल ती."

"खेळात नाही उलटणार. आणि ताई, कोण मोजायला येणार आहे?"

मी सोमवारपर्यंत वेळ मागितला. माझं हो आलं नाही तर फ्रेंच जहाज खेळात जाणार होतं, आणि गुराबेचा विषय पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नव्हता. शनिवारी मी पांझरेच्या पुलावरून चालत जाऊन आले. नदीत पाणी नव्हतं, पोरं क्रिकेट खेळत होती. मी चालताना तुमच्याशी भांडत होते. म्हटलं, माल बाहेर गेलाच नाही तर तपासून काय उपयोग? तुम्ही म्हणाला असतात, तो प्रश्न आमच्या टेबलाचा नाही. म्हटलं, नाना, माझं टेबल मीच आहे, पुढे दुसरं कुणी नाही, मागेही नाही. पुलावर थांबून तुमच्या उत्तराची वाट पाहिली. मग घरी आले आणि भात लावला.

सोमवारी मी लिहून पाठवलं, चालेल.

एवढंच लिहिलं. हो लिहायला हात वळला नाही. पुण्याच्या मुलांना त्यात काही कमी वाटलं नाही. त्यांनी अंगठे पाठवले, ते आनंदाचे समजायचे. गुराब खेळात आली. बाजूला मोठ्या तोफा घेऊन आली, आणि लोकांना आवडली. माझ्या टिपणात मी खऱ्या तोफांचं लिहिलं होतं. ते टिपण खेळात कुठेतरी आहे, तीन ठिकाणी दाबलं की उघडतं. कुणी दाबत नाही.

मी स्वतः ती चालवायला घेतली ती एका रविवारी दुपारी. कामासाठी बघायचं म्हणून. मला लढता येत नाही, मी कडेकडेनं फिरत होते. दुसरी एक गुराब जवळ आली आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली, कुठला रे? मी लिहिलं, धुळे. लगेच आलं, मी एरंडोल. मग, "तोफा कडक शेतस भो. एकटा नको फिरू, बुडवतील. मना मांगे ये." मी त्याच्या मागे गेले. तो पुढे, मी मागे, असे आम्ही बराच वेळ त्या खोल समुद्रात फिरलो. एक मोठं जहाज आलं तेव्हा त्यानं आणि मी दोन्ही बाजूंनी तोफा डागल्या, त्याच, ज्या तिथे नसायला हव्या होत्या. ते बुडालं. त्यानं लिहिलं, "जमस भो तुले." कित्येक वर्षांत माझ्याशी कुणी या भाषेत बोललं नव्हतं. आईनंतर नाहीच.

ती गुराब खोटी आहे, नाना. तुमच्या बोटाखाली आली असती तर तिकडे गेली असती, आणि मी मधे पडले नसते. हे तुम्हाला लिहिते आहे कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. कागदाची घडी करून कुठे ठेवायची तेही ठरलेलं नाही. तो एरंडोलचा कोण आहे, किती वयाचा, मला माहीत नाही. मी भो नाही, बाई आहे, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी तीन वाजता तो येतो. आज रविवार आहे, आणि मी लवकर जेवून घेतलं आहे.