वेगळं ताट

प्रिय आईस, अक्र्याहून अराबाचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? सुके मासे पोचले.

काल एकोदादा कुकुआला घेऊन आमच्या संशोधन केंद्रात आला होता. पोर चोरून, पोट दुखेपर्यंत खाते. घाबरू नकोस, होईल बरी. अशा खाण्याचाच तर आमचा अभ्यास आहे.

पालकांच्या प्रश्नावलीतला सतरावा प्रश्न मी घातलेला आहे: ‘सगळे एका परातीत जेवताना मुलीला वेगळं ताट देऊन पाहुण्यांसमोर हिणवलंत का?’

दादाचा हात थबकला. “जुनं उकरून काढतेस होय गं?”

“छे रे! सगळ्यांनाच विचारतो. खरं लिही, लेक बघतेय.”

त्यानं ‘नाही’वर खूण केली. कुकुआनं त्याच्या हातातलं पेन घेतलं, ती खोडली आणि ‘हो’वर केली.

मला वेगळं ताट देऊन तो ‘खादाड शेळी’ म्हणायचा, आठवतं? पाहुणे हसायचे. तूही हसायचीस.

दुपारी माझ्या घरी मैत्रिणी जेवायला होत्या. कुकुआला मी परातीशी माझ्या शेजारी बसवलं. दादाला सगळ्यांसमोर वेगळं ताट वाढलं. तो नुसता चिवडत बसला.

ईस्टरला तू येशीलच. कुठे बसणार, तेवढं आधी कळव.

तुझीच शेळी,
अराबा