परीक्षेच्या दुपारचे मजले

प्रिय गारम,

तळघरातल्या त्या फायलींच्या खोलीत हीटर तरी दिलाय का गं तुला? परवा जेवताना तू हसत म्हणालीस, ‘इथं बरंय ताई, फायली एकमेकींवर आदळत नाहीत.’ सगळे हसले. मी मात्र ताट बाजूला सारलं.

माझ्या दा-इनला हवं ते कॉलेज मिळालं. परीक्षेच्या सकाळी, विद्या चिकटावी म्हणून तू दिलेली चिकट वडी तिनं खाल्ली होती. ‘मावशीच्या वडीनं तारलं’ म्हणत नाचतेय. सासूबाई तर गावभर सांगत सुटल्यात. मलाच तेवढा आनंद झेपत नाही.

दरवर्षी त्या दुपारी, पोरांना इंग्रजी नीट ऐकू यावं म्हणून, देशभर पस्तीस मिनिटं एक विमान उडत नाही की उतरत नाही. वरची वरच घिरट्या घालतात, इमारतीच्या मजल्यांसारखी एकावर एक. आणि एका मजल्यावर दोन विमानं येऊ नयेत हे आपण कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसून पाहायचं. वीस वर्षं मी ते निमूट केलं. यंदा खाली परीक्षेला माझीच मुलगी बसली होती.

दीड वाजता तू माझ्याकडून खुर्ची घ्यायला आलीस. उठणारीनं एकेक विमान सांगायचं, बसणारीनं ते परत म्हणून दाखवायचं, आणि मग उठणारीनं पाच मिनिटं शेजारी बसून राहायचं. हा नियम तुला मीच शिकवला होता. पण देवळात सगळ्या आया पोरांसाठी प्रार्थनेला जमल्या होत्या आणि पेपर संपायच्या आत मला तिथं पोचायचं होतं. मी पर्स उचललेली बघून तू म्हणालीस, ‘जा गं ताई! इथं बसून काय तू पेपर सोडवणार आहेस?’ कामावर थोरलीला ‘थांब’ म्हणायचं नाही, म्हणून तू म्हणाली नाहीस. मला मात्र कळायला हवं होतं.

जेजूहून आलेल्या विमानाला मी नुकताच खालचा मजला दिला होता. ते पडद्यावर नोंदवायचं राहिलं आणि तुला सांगायचंही राहिलं. तोच मजला तू दुसऱ्याला दिलास. शेवटी विमानांमधली यंत्रंच ओरडली. एकाला वर जा म्हणाली, दुसऱ्याला खाली. चारशे माणसं थोडक्यात वाचली. एका हवाई सुंदरीचा खांदा निखळला. मी तेव्हा देवापुढे डोकं टेकून माझ्या एकटीच्या पोरीसाठी मागत होते.

चौकशीत तू म्हणालीस, ‘ताईंनी सांगितलं होतं, मीच विसरले.’ बाहेर आल्यावर माझा हात दाबून म्हणालीस, ‘दा-इनचा निकाल लागायचाय, तू गप्प बस.’ मी बसले, आणि तुला खुर्चीवरून काढून तळघरात धाडलं. खरं सांगू? मला हायसं वाटलं, गारम. त्याची लाज अजून जात नाही.

गुरुवारी चौकशीवाले तुझा परवाना कायमचा काढून घेणार आहेत, म्हणून हे पत्र. आज सकाळी मी साहेबांना सगळं माझ्या हातानं लिहून दिलं. दा-इनलाही सांगितलं, ती अजून माझ्याशी बोलत नाहीये. आता तू मोठेपणा करून उलटं काही सांगू नकोस. हे वाचून झालं की फोन कर आणि मी साहेबांना लिहून दिलेलं वाक्य मला परत म्हणून दाखव: ‘ताईंनी सांगितलं नव्हतं.’ ते तुझ्या तोंडून ऐकेपर्यंत मी या खुर्चीतून उठणार नाही.

या वेळी तरी न उठणारी तुझीच,
मियोंग-ओक ताई