एसा व्हिपल हजर आहे

१४ नोव्हेंबर १८८७, सोमवार

ही वही घेऊन तीन आठवडे झाले. रोज म्हणायचो, आज लिहू, आणि रोज काहीतरी आडवं यायचं. एकदा शाई गोठली, एकदा पत्त्यांचा डाव रंगला, एकदा तर काहीच नाही, नुसता लोळलो. आज मात्र लिहितोच, कारण काम मिळालं!

गावाचं नाव मॅसन्स फोर्क. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात दडलेलं रेल्वेचं यार्ड, आणि धूर इतका की इथे धुतलेला सदरा वाळेपर्यंत पुन्हा धुवायला येतो. मुकादम स्ट्रूबने कागद बघायच्या आधी माझे हात बघितले. दहाही बोटं शाबूत असतील तो शिकाऊ, अशी इथली परीक्षा. माझी आठ. गडी एकदम खूश! दोन बोटं लाकडाच्या गिरणीत गेली हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

काम मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, जोडायचं. इंजिन वाघीण मागे ढकलत आणतं, आपण दोन वाघिणींच्या मध्ये उभं राहायचं, कडी धरून समोरच्या खाचेत घालायची, वरून खिळा टाकायचा आणि बाहेर उडी मारायची. उडी चुकली की संपलं.

एक गोष्ट वहीला सांगून टाकतो. इथे मी एसा व्हिपल आहे. ओहायोतल्या संपानंतर माझं खरं नाव काळ्या यादीत गेलं, कुठलीच कंपनी दारात उभं करीना. मग इंडियानात माझ्या शेजारी काम करणारा व्हिपल वाघिणींमध्ये चिरडला, तेव्हा त्याच्या कोटातला नोकरीचा दाखला मी काढून घेतला. मेलेल्याला दाखला कशाला? आम्ही याला झेंड्याखाली काम करणं म्हणतो. निम्मे भटके असेच कुणाच्या तरी झेंड्याखाली असतात.

खानावळीत आज ॲपल पाय होता. दोन तुकडे हाणले.

१७ नोव्हेंबर

एक गंमतच झाली. सकाळी धुकं आणि वाफ, हाताला हात दिसत नव्हता. स्ट्रूब ओरडला, व्हिपल, सात नंबर! मी तोंड उघडायच्या आत सात नंबरच्या रुळावरून कुणीतरी ओ दिली. धावत गेलो तर कडी लागलेली, खिळा बसलेला, आसपास चिटपाखरू नाही.

वाटलं, म्हाताऱ्या ग्विलिमची चेष्टा. हा वेल्श सांधेवाला, गाड्यांना रूळ बदलून देणारा, चाळीस वर्षं रुळावर. त्याला विचारलं तर म्हणाला, पोरा, या वयात मी माझं काम करत नाही, तुझं कशाला करू?

दिवसभरात चार वेळा तेच. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. फुकटचा गडी कुणाला नको?

संध्याकाळी मात्र एकदा त्याची पाठ दिसली. कोट माझ्या ओळखीचा होता. त्याच्याच खिशात मी हात घातला होता.

२१ नोव्हेंबर

संप! काल यार्डातल्या कामगारांच्या संघटनेची सभा झाली. मागणी एकच. वाघीण पूर्ण थांबल्याशिवाय माणूस मध्ये जाणार नाही. वर्षभरात या यार्डाने अकरा जण खाल्ले, ग्विलिमचा मुलगा इव्हान त्यातलाच. सात नंबरवर गेला तो.

स्ट्रूब म्हणाला, वाघीण थांबवायला कोळसा जळतो, माणूस काय, एक गेला की दुसरा फाटकाशी उभाच असतो. मग इंजिनवाले सोडून आम्ही चौतीसच्या चौतीस फाटकाशी उभे राहिलो, बाहेरच्या बाजूने! शेकोटी पेटवली, बटाटे भाजले. ओहायोनंतर पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला. कंपनीचा माल चार दिवस अडला की ती गुडघ्यावर येईल, असं ग्विलिम म्हणतो.

आणि दुपारी आतून आवाज आला. खट्. खिळा पडल्याचा. थोड्या वेळाने पुन्हा खट्.

कोण फितूर, कोण कंपनीचा कुत्रा, म्हणून सगळे उठले. स्ट्रूब फाटकावर रेलून हसत म्हणाला, तुमच्यात शहाणा एकटा व्हिपलच निघाला, बघा कसा राबतोय.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात अर्धा बटाटा होता.

२२ नोव्हेंबर

सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी लेम्युएल टॅगर्ट. काळ्या यादीतला. व्हिपल मेलाय, मी त्याचं नाव आणलं आणि नावामागून तो आला. कुणीतरी म्हणालं, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस की रे. खाल्लं. नाही कशाला म्हणू?

तसाच स्ट्रूबकडे गेलो, म्हटलं व्हिपलचं नाव हजेरीतून काढ, माझं खरं नाव हे, जिथे कळवायचं तिथे कळव, मी भीत नाही. तो म्हणाला, तू कोण बाबा? व्हिपल तर कामावर आहे. जेवत नाही, दमत नाही, संघटनेत जात नाही. असला गडी मी काढू?

बोलता बोलता थांबला. कपाटाकडे बघायला लागला. तिथे गेल्या वर्षभराची हजेरीची पुस्तकं —

२३ नोव्हेंबर

सकाळी स्ट्रूबने हजेरी घेतली. जुनी.

एकेक नाव मोठ्याने. एकेक ओ.

अकरा.

इव्हान प्रोसर, म्हणाला तो. आणि सात नंबरवरून — ग्विलिमच्या हातातली चिलीम पडली. आवाज त्याच्या पोराचाच, म्हणाला. सर्दी झाल्यासारखा, लहानपणापासून तसाच.

मेले तरी सुटका नाही. मेलेल्यांनाही जुंपलं हरामखोराने.

दिवसभर खट्. खट्. खट्. मालगाडी तयार होतेय. ती उद्या सुटली की आपण संपलो.

२४ नोव्हेंबर, दुपार

थँक्सगिव्हिंग. टर्की नाही. खोगीरवाल्याच्या माडीवर सभा. यादी लिहायला माझीच वही, म्हणून इथेच लिहितोय.

संघटनेची रीत आहे. हजेरीत मेलेल्या भावांची नावंही घ्यायची, आणि त्यांच्या वतीने सगळ्यांनी हजर म्हणायचं. आज ग्विलिम म्हणाला, कुणी बोलू नका. त्यांचं त्यांना बोलू द्या. कंपनीचे ते कधीच नव्हते, आपले आहेत.

पहिलं नाव. मग जिन्याखालून — हजर.

यार्डातली एक खटखट कमी झाली.

दुसरं. तिसरं. भीती वाटते, पण कुणी उठत नाही. कुणीही नाही!

इव्हानचं नाव ग्विलिमने घेतलं. जिन्याखालून तोच सर्दीचा आवाज — हजर.

व्हिपल संघटनेत नव्हता. मी घातलं त्याचं नाव, माझ्या नावाच्या वर. मीच पुकारलं.

हजर.

यार्ड गार. एकही खिळा पडत नाही. खिडकीतून स्ट्रूबच्या शिव्या ऐकू येतात. इंजिन मागे घे, म्हणतोय, मीच जोडतो, मला कुणाची —

धाड.

एकदाच.

आता काहीच नाही. कुणी हसलं नाही.

जिन्यावर पावलं. ग्विलिमने इव्हानसाठी खुर्ची ओढली. दार उघडायला गेला. उघडलं —

इव्हान नाही. स्ट्रूब. टोपी हातात. छाती फळीसारखी सपाट. म्हणतो, माझंही नाव घ्या, नाहीतर कंपनी मलाही तिथेच जुंपून —