अप्पांचा मांगूर

रविवार, कोजागिरीनंतरचा

आज मी अप्पांना फसवलं, आणि त्यांना ते कळलं. सासरे आहेत माझे. बाळकुमच्या खाडीत मासे धरण्यात जन्म गेला त्यांचा. आता पाऊस ओसरला की दर रविवारी आम्ही दोघं तळ्यावर गळ टाकून बसतो. यंदा त्यांना गळाच्या दोरीचं, पाण्यावर तरंगणारं बूच दिसत नाही. घरात ते कबूल करत नाहीत, मीही कुणाला बोललेले नाही.

आज माझ्या गळाला मांगूर लागला. "अप्पा, तुमचा मासा! ओढा!" म्हणत मी माझीच काठी त्यांच्या हातात दिली. का केलं मी असं? तीन रविवार ते रिकाम्या हाती परतले म्हणून? त्यांनी मासा काढला, हसलेसुद्धा. मग गळ सोडवताना त्यांची बोटं माशाच्या तोंडाशीच थांबली.

"पोरी, यो मासा तुजा हाय. मी गलाला कनीक लावलेली. याचे तोंडान गांडूल हाय."

मला मान वर करवेना.

"बूच बुडला का मना सांग. ओढाचं काम माजं."

मग मी सांगत राहिले, ते ओढत राहिले. दोन मासे निसटले. त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. ती थांबलेली बोटं मात्र अजून डोळ्यांसमोर आहेत. माफी मागायला हवी होती का?

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आज बरा घावला तुमाला."

"हिला घावला. मना बूच दिसत नाय आता."

सासूबाईंनी अप्पांच्या ताटातला माशाचा तुकडा उचलला, काटा काढला आणि परत ठेवला. अप्पांनी हात आडवा केला नाही.